लॅपटॉप मिटला की फोटो लहान होणं का थांबतं

सर्व्हरवरचा जावा प्रोग्राम फोटो लहान करणं मध्येच का थांबवतो, या तुमच्या प्रश्नातला एकच तपशील मला पुरेसा वाटला. मंडळाच्या साइटवर संध्याकाळी दादरच्या ऑफिसातून फोटो व्यवस्थित लहान होत होते, आणि लॅपटॉप मिटून लोकल पकडलीत तर घरी पोचेपर्यंत 'एक्स११ विंडो सर्व्हरशी (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेशी) जोडता येत नाही' ही एरर. बहुधा तुम्ही एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरवरच्या खिडक्या आपल्या लॅपटॉपवर दाखवणं, चालू ठेवून सर्व्हरमध्ये शिरलात आणि तिथूनच टॉमकॅट (साइट चालवणारा जावाचा सर्व्हर) सुरू केलंत. मग स्क्रीन कुठली हे सांगणाऱ्या 'डिस्प्ले' व्हेरिएबलमध्ये 'लोकलहोस्ट:१०.०' असं काहीतरी बसतं, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपची स्क्रीन. लॅपटॉप गेला तरी जावा तीच शोधत बसतं.

खालच्या उत्तरांत एकांनी एक्सव्हीएफबी नावाचा प्रोग्राम लावून खोटी स्क्रीन उभी करायला सांगितलंय. कृपा करून ते करू नका, उगाच आणखी एक प्रोसेस सांभाळत बसाल. चित्र म्हणजे मेमरीतले आकडे, ते लहान करायला स्क्रीन लागतच नाही. जावात २००२ सालच्या १.४ आवृत्तीपासून हेडलेस मोड, म्हणजे स्क्रीनशिवाय चालायची सोय, आहे. टॉमकॅटच्या स्टार्टअप ऑप्शन्समध्येच तो 'ट्रू' करा. कोडमध्ये उशिरा केलात तर उपयोग होत नाही. त्यानंतर हेडलेस एक्सेप्शन (स्क्रीन नाही म्हणून येणारी एरर) आलं, तर कोडमध्ये कुठेतरी जेफ्रेम, म्हणजे जावाची खिडकी, लपलेली असेल. जुन्या उदाहरणांत चित्र तयार करायला ती वापरायचे. ती काढून टाका, फोटो इमेजआयओने (जावाची चित्रं वाचायची-लिहायची सोय) वाचा आणि बफर्डइमेजवर, म्हणजे मेमरीतल्या चित्रावर, रेखाटा.

पण मला खरी काळजी मेमरीची वाटते. गिरगावातल्या एका मंडळाची साइट मी सांभाळायचो. अनंत चतुर्दशीला चौपाटीवरून सगळे एकदम फोटो चढवायला लागले आणि ऐन विसर्जनाच्या वेळी सर्व्हर झोपला. मी फाइलचा आकार बघत होतो, चारेक एमबी. पण ४०००×३००० चा फोटो उघडला की १.२ कोटी पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ३६ एमबी. असे वीस एका वेळी आले की ७२० एमबी! तेव्हापासून मी आधी इमेजआयओच्या रीडरला फोटो पूर्ण न उघडता फक्त रुंदी-उंची विचारतो; अवाच्या सवा असेल तर फोटो तिथेच नाकारतो. मग सबसॅम्पलिंग २ ठेवून, म्हणजे आडवा-उभा एक सोडून एक पिक्सेल घेत, वाचतो, म्हणजे २०००×१५०० हातात येतं, ९ एमबीत. तिथून ८०० रुंदीपर्यंत बायलिनिअर इंटरपोलेशनने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढत, आणतो. थेट सबसॅम्पलिंगनेच ८०० वर उतरलात तर मूर्तीच्या दागिन्यांच्या कडा दातेरी दिसतात. एका वेळी दोनच फोटो, बाकीचे रांगेत.

आणखी एक. इमेजआयओ एक्झिफमधली (कॅमेऱ्याने फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली) दिशा बघत नाही, त्यामुळे फोनवर उभे काढलेले फोटो आडवे पडतात. एक्झिफमध्ये ओरिएंटेशन, म्हणजे ही दिशा, ६ असेल तर घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा.

हे झालं की टॉमकॅट पुन्हा सुरू करा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि फोनवरून एक उभा फोटो चढवून बघा. अडलं तर स्टॅक ट्रेसच्या (एररसोबत छापल्या जाणाऱ्या यादीच्या) पहिल्या दहा ओळी इथे टाका, मी रात्री बघतो.