ह्युरिस्टिक सर्च म्हणजे काय? प्रत्यक्षात ते कुठे वापरतात?

सगळे पर्याय तपासत न बसता, अंदाजाने आधी आशादायक वाट धरायची, हे ह्युरिस्टिक सर्च. १५ सोंगट्यांचं सरकतं कोडं घ्या. त्याच्या सुटू शकणाऱ्या मांडण्याच १० लाख कोटींच्या वर आहेत, एकेक बघणं सोडाच.

यातला सर्वांत गाजलेला अल्गोरिदम म्हणजे ए-स्टार. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी तो १९६८ मध्ये मांडला, शेकी नावाच्या रोबोला वाट शोधता यावी म्हणून. समजा पुण्याहून कोल्हापूरला जायचंय. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम (वाट शोधण्याचीच दुसरी रीत, पण अंदाज न वापरणारी) चहूबाजूंनी पसरत जातो, म्हणजे नाशिकच्या दिशेचे रस्तेही चाचपत बसतो. ए-स्टार प्रत्येक चौकात दोन आकडे जोडतो: इथवर कापलेलं अंतर आणि इथून कोल्हापूरपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. ज्याची बेरीज कमी, तो चौक आधी. रस्ता सरळ रेषेपेक्षा कमी भरूच शकत नाही, म्हणून हा अंदाज कधी फुगत नाही आणि सर्वांत छोटा मार्ग मिळण्याची खात्री राहते. अंदाज मुद्दाम फुगवला तर उत्तर बहुधा लवकर येतं, पण ती खात्री जाते. गेममध्ये हे खुशाल चालतं. शत्रूचा सैनिक दोन पावलं जास्त चालला तर कोण मोजतंय?

बुद्धिबळाची इंजिनं, कुरिअरच्या गाड्यांचे मार्ग, कॉलेजचं वेळापत्रक, सगळीकडे याच जातीच्या युक्त्या. मात्र वेळापत्रकासारख्या ठिकाणी बहुतेकदा ‘चालेल असं’ उत्तर घेऊन थांबतात. शिकायचं असेल तर आधी ८ सोंगट्यांचं कोडं ए-स्टारने सोडवून बघा.