वाचकांचे प्रश्न : मोबदला नोंदीला द्यावा की पडताळणीला?

प्रश्न : आमच्या कापूस उत्पादक गटाला बोंडअळी, फवारणी व बियाणे यांविषयीच्या गावातल्या नोंदी विकेंद्रित नेटवर्कवर (एका मालकाऐवजी अनेकांच्या संगणकांवर चालणाऱ्या जाळ्यावर) सर्वांसाठी खुल्या ठेवायच्या आहेत. गटातील एका तरुणाचे म्हणणे असे की, प्रत्येक नोंदीमागे टोकन, म्हणजे नेटवर्कवरचे डिजिटल नाणे, दिले तर लोक आपणहून माहिती भरतील, आणि ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या डिजिटल नोंदवहीत) गेलेली माहिती खोटी असूच शकत नाही. हे कितपत बरोबर आहे?
– एक शेतकरी, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी दुसऱ्या विधानाविषयी, कारण ते चुकीचे आहे. ब्लॉकचेनवर चढलेल्या नोंदीत मागाहून कोणी फेरफार केला तर तो लपत नाही, एवढीच हमी ते तंत्र देते. नोंद करणाऱ्याने शेतात जाऊन पाहिले की घरी बसून आकडा टाकला, हे त्याला कळत नाही. उलट चुकीची नोंदही तितकीच पक्की बसते व काढून टाकणे अवघड होते. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळावे यासंबंधी एखादा चुकीचा सल्ला असा कायमचा बसला, तर त्याची किंमत काय असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता टोकनविषयी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टीमिट या संकेतस्थळावर लेखनाला मतांनुसार टोकन मिळत आणि ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताला वजन जास्त असे. परिणामी लोक स्वतःच्याच लेखनाला मते देऊ लागले आणि पैसे घेऊन मते देणारे स्वयंचलित प्रोग्रामही उभे राहिले. याच्या उलट विकिपीडिया २००१ पासून आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून प्रामुख्याने बिनपगारी संपादकांच्या बळावर चालला आहे, आणि पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे असा नियम तेथे २०१४ पासून आहे. यावरून मोबदला देऊच नये असे मी म्हणणार नाही. उन्हातान्हात सापळे पाहत फिरणाऱ्याच्या वेळेला मोल आहेच. मात्र तो नोंदींच्या संख्येवर देऊ नये, पडताळणीत टिकलेल्या नोंदीवर द्यावा, आणि पडताळणी करणाऱ्यालाही द्यावा.

आपल्याच पिकाचे उदाहरण घेऊ. सलग ३ रात्री एका कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) दररोज ८ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. नोंदीत शेत, तारीख, पतंगांची संख्या आणि सापळ्याचे छायाचित्र असावे, आणि टोकन लगेच न देता राखून ठेवावे. त्यानंतर चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोघांनी त्याच शेतातील २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत व किती बोंडांत अळी निघाली ते लिहावे. पतंग आणि बोंडांतील अळी यांचे प्रमाण तंतोतंत जुळणार नाही, पण सतत भरमसाट पतंग आणि बोंडे मात्र दर वेळी निरोगी, असे होऊ लागले की कोणाच्या नोंदीकडे बारकाईने पाहायचे ते गटाला समजते.

पडताळणीसाठी क्लेरॉससारख्या, ब्लॉकचेनवर वाद सोडवणाऱ्या व्यवस्थेत पंच टोकन अनामत ठेवतात. बहुमताशी जुळणाऱ्या पंचाला मोबदला मिळतो आणि न जुळणाऱ्याची अनामत कापली जाते. ही युक्ती चतुर असली तरी तिच्यात पंचाला खरे बोलण्यापेक्षा इतर काय बोलतील याचा अंदाज बांधण्याचा मोह पडतो, आणि ज्या गावात बहुतेकांची उधारी एकाच कृषी सेवा केंद्रात असते तेथे सगळ्यांचा अंदाज त्या दुकानदाराच्या सल्ल्यावरच येऊन थांबेल. एक्स या समाजमाध्यमावरील सामुदायिक टिपांचा नियम मला अधिक उपयोगी वाटतो : ज्यांचे एरवी पटत नाही अशा लोकांनाही जी टीप उपयुक्त वाटते, तीच सर्वांना दाखवली जाते. म्हणून आपले दोन पडताळणारे एका भावकीचे नसावेत, शक्यतो एका दुकानाचे गिऱ्हाईकही नसावेत.

एका बाबतीत गावाची बाजू मोठ्या नेटवर्कपेक्षा भक्कम आहे. एकाच माणसाने दहा खाती उघडून दहा मते द्यावीत, ही तेथील जुनी डोकेदुखी. आपल्या गटात कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊकच असते. टोकन बाजारात विकले जाईल या आशेवर मात्र राहू नये. टिकलेल्या नोंदींच्या बदल्यात पुढच्या हंगामाचे ल्यूर (सापळ्यात लावायचे गंधाचे आमिष) गटाच्या निधीतून द्यावेत, हे सोपे आणि लोकांना पटणारे आहे.

प्रश्न : आमच्या भागातील वैदूंकडील वनौषधींची माहितीही अशाच नेटवर्कवर टाकावी काय?
– एक वाचक, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : सरसकट टाकू नये. एकदा अनेक संगणकांवर पसरलेली माहिती परत घेता येत नाही, आणि वनस्पतीचे नेमके ठिकाण कळले की ती ओरबाडून नेणारेही पोहोचतात. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते, आणि अशा संसाधनांच्या व ज्ञानाच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभात वाटा देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगटांत चर्चा करून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आहे. कोणती नोंद खुली ठेवायची, कोणती गावापुरती राखायची आणि ज्या वैदूचे ज्ञान आहे त्याची संमती कशी घ्यायची, हे तशाच बैठकीत आधी ठरवावे. नेटवर्कचा विचार त्यानंतर करावा.