वाचकांचे प्रश्न : नवरंग कुणाचा पाहुणा, आणि कोकणात त्याचं काय?

प्रश्न : आमच्या आगरात मेच्या अखेरीस नवरंग (इंडियन पिट्टा हा पक्षी) येतो आणि जुलैपर्यंत शीळ घालतो. पण एका नकाशात तो दक्षिण भारतातला 'हिवाळी पाहुणा' दाखवला आहे. नक्की काय समजायचं? (गुहागर)

नकाशाही बरोबर आहे आणि तुमचं आगरही. फक्त तो नकाशा तामिळनाडू, केरळ आणि श्रीलंकेच्या बाजूने वाचायचा. नवरंगाचा हिवाळा तिकडे जातो. श्रीलंकेत तो ऑक्टोबरच्या सुमारास पोचतो आणि एप्रिलच्या आसपास उत्तरेकडे निघतो. विणीसाठी तो उत्तर पाकिस्तानपासून सिक्कीमपर्यंतच्या हिमालयाच्या पायथ्याला, मध्य भारतातल्या जंगलांत आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात कोकण येतं. म्हणजे आपल्याकडे तो पाहुणा नाही, संसार थाटायला येतो.

तामिळमध्ये त्याला 'आरुमणि कुरुवी', सहा वाजताची चिमणी म्हणतात, कारण हिवाळ्यात तिकडे तो सकाळ-संध्याकाळ साधारण सहाला बोलतो. कोकणात जूनमध्ये हे घड्याळ बिघडतं. आभाळ भरून आलं की भर दुपारीही तो दोन सुरांची चढती-उतरती शीळ देतो, मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून. पावशाचं 'पेरते व्हा' एका दमात चढत जातं. नवरंगाची शीळ मात्र दोन स्वरांत संपते, मध्ये थांबते, पुन्हा तशीच येते.

नुसता दिसला म्हणजे वीण झाली, असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाणारे पक्षी एखाद-दोन दिवस थांबतात आणि बहुधा गप्प असतात. त्याच जागी आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने शीळ ऐकू आली, किंवा पक्षी चोचीत गांडुळं धरून एकाच दिशेला जाताना दिसला, तर वीण आहे असं धरायला हरकत नाही. काटक्या आणि पानांचं गोल, बाजूने दार असलेलं घरटं जमिनीवर किंवा झाडाच्या खालच्या बेचक्यात असतं. ते शोधायला जाळीत शिरू नका. माणसाने तुडवलेल्या वाटेने मांजर आणि मुंगूस सहज घरट्यापर्यंत पोचतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना तारीख, वेळ, शीळ होती की नाही आणि चोचीत खाद्य होतं का, एवढं लिहिलंत तरी ती नोंद नुसत्या फोटोपेक्षा जास्त कामाची.

प्रश्न : आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत नवरंग 'किमान चिंता' या वर्गात आहे. आमच्या गावात मात्र शीळ कमी झाली आहे. मग यादी चुकीची का? (राजापूर)

यादी चुकीची नाही, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. लाल यादी विचारते : ही जात जगातून नाहीशी होण्याचा धोका किती? 'असुरक्षित' वर्गात जाण्यासाठी काही ठरलेल्या कसोट्यांपैकी एक तरी लागू व्हावी लागते. उदाहरणार्थ, 10 वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यांतला जो काळ मोठा तो) संख्या 30 टक्के किंवा त्याहून जास्त घटणं. किंवा वावराचा एकूण विस्तार 20,000 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असणं आणि त्याच्या जोडीला तुकडे पडणं, सतत घट होणं अशी लक्षणं असणं. पाकिस्तानपासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला पक्षी क्षेत्राच्या कसोटीच्या आसपासही येत नाही.

पण त्याच यादीत वर्गाच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, कल कोणत्या दिशेला आहे याचा. 'किमान चिंता' वर्गातल्या पक्ष्यापुढेही तिथे 'घट' लिहिलेलं असू शकतं. बातम्यांत फक्त वर्ग छापून येतो आणि हा रकाना गळतो, हे आमच्या मते वाचकांची दिशाभूल करणारं आहे. 'किमान चिंता' आणि 'घट' एकाच वेळी खरं असू शकतं, आणि राजापुरातली एखादी देवराई रिकामी झाल्याने जागतिक वर्ग हलत नाही. म्हणून गावाची चिंता गावानेच करायची.

प्रश्न : माझी काजूची बाग आहे. पावसाआधी बेणून (तण-झुडपं कापून), पातेरा (गळलेली पानं) गोळा करून जाळतो. नवरंगासाठी काय बदलावं? उत्पन्नाला धक्का नको. (सावंतवाडी)

नवरंग जमिनीवर जेवतो. ओला पातेरा चोचीने उलटायचा, खालचं गांडूळ, गोगलगाय, वाळवी, किडा उचलायचा आणि दोन उड्या मारून पुढचं पान. पातेरा गेला की ताट गेलं.

काजूबिया वेचायला झाडाखाली स्वच्छ जमीन लागते हे खरं, पण ती फेब्रुवारी ते मे. हंगाम संपल्यावर पातेरा जाळून हाती काही लागत नाही, उलट पहिल्या सरींत माती वाहते. तो झाडाच्या बुंध्यापासून हातभर सोडून गोल पसरा. दोन-तीन इंच जाडीचा थर पुरतो. बुंध्याला टेकवू नका, साल कुजते.

बेणणी मेच्या मध्यापूर्वी उरका किंवा सप्टेंबरनंतर करा. मधल्या काळात वाट हवी असेल तर फक्त वाटेपुरतं कापा. गडग्यालगतचा (दगडी कुंपणालगतचा) तीन-चार मीटरचा पट्टा तसाच ठेवा, त्यातली करवंदीची जाळी, कुड्याची झुडपं राहू द्या. हा पट्टा एका जागी तुटला तर फारसं बिघडत नाही. पण दोन बागांमधले सगळे गडगे एकाच वर्षी साफ झाले की पक्ष्याला आडोशातून जाण्याचा मार्गच उरत नाही, म्हणून शेजाऱ्याशी बोलून आलटून-पालटून साफ करा.

फवारणीबद्दल बरेच जण विचारतात. ढेकण्या या काजूवरच्या किडीसाठीची औषधं पालवी-मोहोराच्या दिवसांत, म्हणजे थंडीत मारली जातात. तेव्हा नवरंग दक्षिणेत असतो. खरी अडचण पावसाळ्यातल्या तणनाशकाची. ते पक्ष्याला थेट मारतं असं नाही, पण ऐन विणीत आडोसा सुकतो, जमीन उघडी पडते, वरचा ओलावा जातो आणि गांडुळं खोल उतरतात. पिल्लं भरवायच्या दिवसांत खाद्य दूर गेलं की फेऱ्या वाढतात आणि घरटं जास्त वेळ उघडं पडतं. तण उपद्रव देत असेल तर ऑगस्टपर्यंत कोयत्यावर भागवा.

प्रश्न : घराच्या काचेवर आपटून नवरंग पडला होता. पाणी पाजलं, तरी मेला. काय चुकलं? (अलिबाग)

बहुधा पाणीच. बेशुद्ध किंवा भेदरलेल्या पक्ष्याच्या चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पुढच्या वेळी हा क्रम ठेवा.

बुटांच्या खोक्याला आधी पेन्सिलीच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा. पक्षी आत ठेवल्यावर भोकं पाडू नका. तळाला जुनं सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. तारेचा पिंजराही नको, धडपडीत पिसं तुटतात. पक्ष्यावर हलकं फडकं टाकून दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून उचला आणि खोक्यात ठेवा. झाकण लावा. अन्न नाही, पाणी नाही, पंख्याखाली नाही, मुलांना दाखवायला दर पाच मिनिटांनी उघडणं तर मुळीच नाही. अंधारात तो शांत राहतो, हाच इलाज.

तासाभराने खोकं झुडपाजवळ नेऊन उघडा. उडाला तर उडाला. नाही तर झाकून आणखी तासभर थांबा. धो-धो पाऊस असेल तर ओसरेपर्यंत वाट पाहा. रात्री सापडला तर उजाडल्यावर सोडा. पंख लोंबतोय, मान वाकडी आहे, चोचीतून रक्त येतंय किंवा तीन-चार तासांत सुधारणा नाही, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मांजराने धरलेला असेल तर जखम दिसली नाही तरी वाट पाहू नका. दातांची भोकं पिसांखाली लपतात आणि मांजराच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेतात. पशुवैद्याकडून प्रतिजैविक त्याच दिवशी मिळायला हवं.

चोच लांब, लालभडक आणि अंग चिमणीएवढं असेल तर तो नवरंग नव्हे, तिबोटी खंड्या. तोही याच दिवसांत येतो आणि काचेवर असाच आपटतो. प्रथमोपचार तेच.

आता काच. ससाण्याचं एक स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. खुणा काचेच्या बाहेरच्या अंगाला हव्यात, दोन खुणांत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा नको, आणि नवरंग झुडपांच्या उंचीने उडतो म्हणून सुरुवात जमिनीलगत करा. साबणाच्या रेघा उन्हाळ्यात चालतात, पावसात धुऊन जातात. शेडनेट काचेपासून वीतभर पुढे, ताणून बांधा. मासेमारीचं जुनं जाळं सैल टांगू नका, त्यात पक्षी गुरफटतात. पडवीला पावसाळ्यात झापं (विणलेल्या झावळ्या) बांधायची पद्धत जिथे टिकली आहे तिथे हा प्रश्नच येत नाही. नवरंग रात्री स्थलांतर करतो, म्हणून मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगणातले प्रखर दिवे रात्री बंद ठेवा.

प्रश्न : सापडलेला नवरंग पाळता येईल का? (चिपळूण)

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

प्रश्न : फोटोसाठी मोबाइलवर शीळ वाजवली की तो जवळ येतो. त्यात वाईट काय? (मालवण)

तो भेटायला येत नाही, हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नवरंगाला हाकलायला येतो. तेवढा वेळ पिल्लांचं खाणं थांबतं. जून ते ऑगस्ट मोबाइल खिशात ठेवा.

प्रश्न : याला गाणारा पक्षी म्हणावं का? (पेण)

बोलीत खुशाल म्हणा. पक्षीशास्त्रात तो झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांच्याच गणात येतो, पण बुलबुल, दयाळ यांच्या गायक शाखेत नाही. दयाळ ऐकून शिकतो, नव्या ताना घेतो. नवरंगाच्या कुळातली शीळ बहुतेक उपजत असते, म्हणूनच ती गुहागरला आणि मध्य प्रदेशात सारखीच वाटते. इंग्रजीतलं 'पिट्टा' हे नाव मूळ तेलुगूतलं, अर्थ 'छोटा पक्षी'.

प्रश्न : आमच्याकडे दिसलेल्या नवरंगाला शेपूट जवळजवळ नव्हती. पिल्लू असेल की जखमी? (देवगड)

पोटाखाली गडद लाल रंग आणि डोळ्यावरून जाडसर काळी पट्टी स्पष्ट होती का? मग पूर्ण वाढलेला होता. पिल्लाचे रंग मळकट असतात आणि पोटाखालचा लाल फिका. शास्त्रीय नावातल्या 'ब्रॅकियुरा'चा अर्थच आखूड शेपटीचा. शेपूट तुटलेली नव्हती, तेवढीच असते.