मिरजेतल्या बोअरच्या पाण्यावर स्टिअरिक अ‍ॅसिडच्या एक रेणू जाडीच्या थराचा दाब-क्षेत्रफळ आलेख डिस्टिल्ड पाण्यावरच्यापेक्षा वेगळा का येतो? टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं बॅटरीचं पाणी चालेल का?

कॅल्शियममुळे. इथेच थांबलो असतो, पण ‘टीडीएस शून्य म्हणजे शुद्ध’ हा समज काही केल्या मरत नाही. टीडीएस मीटर फक्त विद्युतवाहकता मोजतो. बोटांचं तेल, पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनमधून सुटलेले सेंद्रिय पदार्थ त्याला दिसतच नाहीत, आणि पृष्ठभागावर येऊन बसतात ते नेमके तेच.

बोअरच्या पीएचला, म्हणजे 7-8 ला, आम्लाचा हायड्रोजन सुटतो आणि एक कॅल्शियम दोन रेणूंना बांधून ठेवतो. डिस्टिल्ड पाण्यावर रेणूमागे 24-25 चौरस अँगस्ट्रॉमला उचलणारा (म्हणजे दाब चढू लागणारा) आलेख मग 20 च्या जवळ उचलतो, आणि 25 मिलीन्यूटन प्रति मीटरच्या आसपासचा बाक नाहीसा होतो. त्याला कॅल्शियम लागतं तरी किती? 200 चौरस सेंटिमीटरच्या ट्रफमध्ये (थर ज्यात दाबतात त्या उथळ भांड्यात) 200 मिली पाणी असेल, तर 1 मायक्रोमोलरसुद्धा गरजेच्या दुपटीहून जास्त. तुमच्या बोअरची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 300 मिलिग्रॅम प्रति लिटर धरली तर ते 3 मिलिमोलर होतं!

खात्री करायची तर त्याच पाण्याचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने 2.5 वर आणा. कॅल्शियमची पकड सुटते. आलेख डिस्टिल्डवरच्या आलेखावर बसला तर दोष कॅल्शियमचा, नाही बसला तर पाण्यात सेंद्रिय घाण आहे. आम्ल बीकरमध्येच घालून नीट ढवळा. बायकार्बोनेटमधून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे ट्रफमध्ये गेले तर ट्रफच्या टेफ्लॉनला आणि दाब मोजणाऱ्या प्लेटला चिकटतात.

बॅटरीच्या पाण्याचा निकाल मीटर देत नाही, ट्रफ देतो. थर न टाकता बॅरियर (पृष्ठभाग आकसवणारी सरकती पट्टी) पूर्ण दाबा. दाब 0.3 मिलीन्यूटन प्रति मीटरच्या वर गेला तर पृष्ठभाग नळीने शोषून घ्या, अर्धा तास थांबा, पुन्हा दाबा. परत चढला की समजा, घाण खालून वर येतेय. ते पाणी अल्कधर्मी परमँगनेट घालून काचेच्या उपकरणात पुन्हा ऊर्ध्वपातित करा. गाइड काहीही म्हणोत.

थर टाकताना क्लोरोफॉर्ममधलं 1 मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण 25 मायक्रोलिटर, आणि 15 मिनिटं थांबणं. सुरुवात रेणूमागे साधारण 38 चौरस अँगस्ट्रॉमला होईल.

हो, मेणबत्तीवाल्यांचं स्टिअरिक अ‍ॅसिड वापरत असाल तर वरचं सगळं रद्द. त्यात पामिटिक भरपूर असतं. किमान 99 टक्के शुद्ध घ्या. आणि वरचे आकडे 20 अंशांचे आहेत, मे महिन्यात मिरजेत ट्रफ थंड न करता ते जुळवत बसू नका.