चिंध्यांमधून उमटलेली माणसं

प्रश्न (एक वाचक, सातारा): मैत्रिणीने नायजेरियाच्या मार्सेलिना अकपोजोटोर यांच्या चित्राचा फोटो पाठवला. आधी साधं पेंटिंगच वाटलं, झूम केलं तर बाईचा अख्खा चेहरा, हात, सगळं छापील कापडाच्या तुकड्यांचं! याला पेंटिंग म्हणायचं का? आणि आमची आजी गोधडी शिवायची तसंच ना हे?

उत्तर: पेंटिंगच म्हणा, बिनधास्त. कॅनव्हास आहे, ॲक्रिलिक रंग आहेत, फक्त माणसांच्या अंगाला रंगाऐवजी कापड लावलंय. गोधडीत तुकडे टाक्यांनी धरलेले असतात, इथे बारीक कातरून एकावर एक चिकटवलेत, आणि जिथे गालावर सावली हवी तिथे गडद निळा नाहीतर तपकिरी कपटा, नाकाच्या शेंड्यावर जरा उजळ, असं करत करत चेहरा वर येतो. जवळ गेलात की नुसती फुलं, गोल, रेघा दिसतात, चार पावलं मागे सरकलात की तीच बाई तुमच्याकडे बघत असते! मला तर हे फार म्हणजे फार आवडतं.

मार्सेलिना १९८९ च्या, काम लेगोसमध्ये. कापड म्हणजे तिकडचं अंकारा, रंगीबेरंगी नक्षीचं छापील सुती कापड, तेही कपडे शिवणाऱ्यांकडे कापून उरलेलं. नायजेरियात लग्नाला, बारशाला घरच्या सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे शिवायची पद्धत आहे, योरूबा भाषेत त्याला आशो एबी म्हणतात. त्यामुळे असा एखादा तुकडा कुणाच्या तरी समारंभातला असू शकतो, आणि त्यांच्या चित्रांत तर घरातल्याच बायका, पणजीपासून लेकीपर्यंत. पणजीला शिक्षणाची ओढ होती, ती पुढच्या पिढ्यांत कशी उतरली हे त्या चित्रांत मांडतात. २०२१ मधल्या मालिकेचं नावच ‘एसानच्या लेकी’ असं आहे, एसान हा दक्षिण नायजेरियातला समाज.

प्रश्न (तोच वाचक): पण अंकारा मुळात आफ्रिकेचं नाहीच म्हणे?

उत्तर: उगम बाहेरचा, खरंय. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या, हाताने मेण लावून केलेल्या बाटिकची नक्कल डच कारखान्यांनी मशीनवर केली, हेल्मंड गावातली व्लिस्को कंपनी त्यातलीच, १८४६ ची. छापताना बारीक तडे उमटायचे, जावात ते नापसंत, पश्चिम आफ्रिकेत मात्र तेच आवडले. पुढे तिथल्या बाजारातल्या बायकांनी डिझाइनांना आपली नावं दिली, म्हणी जोडल्या. आता ते त्यांचं नाही असं मी तरी म्हणणार नाही.

प्रश्न (तोच वाचक): आजीच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे आहेत, करून बघू?

उत्तर: बघाच! सुती घ्या, आधी धुऊन खळ काढा आणि इस्त्री करा, सिंथेटिकच्या कडा फार उसवतात. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून कापडाच्या खाली आणि वरूनही हलका हात फिरवा. पहिल्यांदा पूर्ण चेहरा नको, आजीचा एक हातच करा, बांगड्यांसकट. आणि उन्हात टांगू नका, लुगड्याचे रंग उडतील.