नर्व्ह ब्लॉक (नर्व्हजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) सोनोग्राफीत बघून दिला तर सुई नर्व्हला लागायची भीती राहत नाही ना? हाताचं ऑपरेशन आहे

भीती कमी होते, पण शून्य होत नाही. मी भूल देण्याचंच काम करते, आणि सोनोग्राफीचा खरा फायदा हा की सुई कुठे चाललीय ते त्याच क्षणी दिसतं, म्हणजे कॉलरबोनच्या वर प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं उपकरण) ठेवला की धडधडणारी धमनी काळी गोल दिसते, तिला लागूनच द्राक्षाच्या घोसासारख्या नर्व्ह आणि खाली बरगडी नि फुफ्फुसाचं आवरण, हे सगळं बघत सुई पुढे न्यायची, औषध सोडलं की नर्व्हभोवती काळं पसरताना दिसतं, नाही पसरलं तर तिथेच थांबायचं. नुसता करंट देऊन स्नायू उडतोय का बघायच्या पद्धतीपेक्षा यात रक्तवाहिनीला टोचणं आणि औषध रक्तात जाऊन होणारा त्रास कमी झालाय, औषधही कमी लागतं. पण नर्व्हची कायमची इजा, जी मुळातच फार क्वचित होते, ती यामुळे आणखी घटली असं सिद्ध झालेलं नाही. प्रोबला एक पातळ पट्टाच दिसतो, सुई त्यातून जराशी तिरकी गेली की दांडा दिसतो, टोक दिसत नाही. म्हणून औषध सोडताना हातात जोरात कळ आली तर लगेच बोला, संकोच करू नका.