बँकरोलचा हिशोब चोख, आणि पाटल्या तारण

"मॅडम, हे दारूला शिवत नाहीत. पोकर खेळतात, तेही एक्सेलमध्ये पै-पैचा हिशोब ठेवून. म्हणतात, हा जुगार नव्हे, डोक्याचा खेळ आहे. मग मला रात्री झोप का येत नाही?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात बऱ्याच बायकांनी, काही वेळा आयांनीही विचारलाय. कुठे पैसे लावून पत्त्यांवर खेळायचं पोकर असतं, कुठे शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग. 'शिस्तीत खेळतो' हे ऐकल्यावर काळजी करावी की गप्प बसावं, हे घरच्यांना कळत नाही. म्हणून ही केस त्या दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

जोडपं कोल्हापूरचं. तो एमआयडीसीत सुपरवायझर, वय चौतीस. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर पोकर शिकला आणि खरंच अभ्यासाने शिकला. ऑनलाइन टेबलावर हजार रुपये घेऊन बसायचा आणि मागे एक लाख ऐंशी हजार राखून होता. पोकर खेळणारे या राखीव रकमेला बँकरोल म्हणतात. ती किती असावी याचे त्यांचे ठोकताळे असतात. साध्या कॅश गेमला निदान वीस-तीस बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना लागते त्या रकमेच्या वीस-तीस पट. याच्याकडे तर एकशे ऐंशी होते. त्या काळात घराला झळ लागली नाही, हे बायकोनेही मान्य केलं.

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला बंदी झाली. त्याने खात्यातले पैसे काढून घेतले, आणि महिन्यातून एकदा गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनोत जायला लागला. तिथे तो ज्या टेबलावर बसायचा तिथला बाय-इन वीस हजारांचा. एकशे ऐंशी बाय-इनचे एका रात्रीत नऊ झाले. रुपया एकही कमी झाला नव्हता, त्यामुळे त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

पहिल्या भेटीत तो लॅपटॉप घेऊन आला. मी वाद घातला नाही. पोकरमध्ये कौशल्य असतं हे खरंच आहे, आणि ते नाकारलं की समोरचा माणूस तिथेच कान बंद करतो. मी एवढंच म्हटलं, शीट मोठ्याने वाचून दाखवा. तो वाचत गेला. सप्टेंबर, बाय-इन वीस हजार, अधिक आठ हजार. ऑक्टोबर, वीस हजार, गेले. त्याच रात्री पुन्हा वीस, गेले. मग चाळीस. इथे त्याचा आवाज जरा खाली आला. नोव्हेंबरच्या ओळीत एक हिरवा चौकोन होता : 'बँकरोल वाढ 1,50,000'.

"हे कुठून आले?" मी विचारलं.

तो काहीच बोलला नाही. बायको त्याच्याकडे बघत होती. मग तिने नकळत आपली मनगटं चाचपली आणि म्हणाली, "पाटल्या लॉकरमध्ये आहेत म्हणाला होतात ना?"

पाटल्या सोनेतारणात होत्या. महिन्याला दीड हजाराच्या आसपास व्याज होतं, आणि शीटमध्ये त्याचा रकानाच नव्हता.

माझ्या दृष्टीने सगळी केस त्या हिरव्या चौकोनात होती. गेली तरी घराचं काही बिघडणार नाही, ती रक्कम बँकरोल. तारणावर उचललेले पैसे बँकरोलमध्ये धरले की वीस बाय-इनचा नियम पाळा नाहीतर दोनशेचा, तो कागदावरच राहतो.

याचं कारण मी सांख्यिकी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडून समजून घेतलं आणि पुढच्या भेटीत दोघांसमोर मांडलं. समजा, खेळाडू चांगला आहे. शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो (बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना लावावी लागणारी ठरलेली पैज, कमाई तिच्या पटीत मोजतात). पण त्याच शंभर डावांतला चढउतार साधारण नव्वद बिग ब्लाइंडचा असतो. दहा हजार डाव झाले की अपेक्षित कमाई पाचशे आणि चढउतार नऊशे. म्हणजे असे दहा चांगले खेळाडू घेतले, तर दहा हजार डावांनंतरही त्यातले जवळपास तीन तोट्यात असणार, काहीही न चुकता. मोबाइलवर दोन टेबलं लावून तो तासाला दीडशे डाव खेळायचा, त्यामुळे रोज तासभर धरला तरी दहा हजार डाव अडीच महिन्यांत उरकत. गोव्यात समोरासमोर तासाला तीसच्या आसपास डाव होतात. महिन्याला पंधरा तास धरले तर तेवढ्याच डावांना बावीस महिने लागतात. शिवाय पॉटमधून, म्हणजे टेबलावर जमलेल्या पैजांतून, कॅसिनोचा वाटा आणि दर खेपेचा जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच. तारणाचं व्याज मात्र दर महिन्याला उभं असतं, ते सरासरीची वाट बघत नाही.

हा हिशोब त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिला. मग म्हणाला, "मॅडम, पण मी चांगलाच खेळत होतो हो." मला त्याच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. कारण ते खरं असू शकतं.

2016 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्याला सांगितला. 61 जणांना प्रत्येकी 25 डॉलर दिले. बहुतेक अर्थशास्त्र-फायनान्सचे विद्यार्थी आणि त्या क्षेत्रातली तरुण मंडळी. नाण्याचा छापा पडण्याची शक्यता 60 टक्के आहे हे आधीच सांगून अर्धा तास पैज लावायला दिली. खेळ उघडउघड त्यांच्या बाजूचा. तरी 28 टक्के लोकांनी सगळे पैसे घालवले, कारण कितीची पैज लावायची हे त्यांना सांभाळता आलं नाही. दर वेळी हातातल्या रकमेच्या दहा-वीस टक्क्यांवर थांबले असते तर तरले असते. "तुमचा ऑक्टोबर आठवा," मी म्हटलं. हरल्यावर त्याचा बाय-इन दुप्पट झाला होता, आणि तो आकडा त्याच्याच शीटमध्ये होता.

यानंतर मी जुगाराच्या विकाराचे ठरलेले प्रश्न विचारले. गेलेले वसूल करायला पुन्हा खेळता का? घरी खोटं बोललात? पैशांसाठी उधार-उसनवारी केलीत? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं झालं का? एकूण नऊ निकष आहेत, आणि वर्षभरात त्यांतले चार लागू पडले तरी निदान होऊ शकतं. त्याने पाचांना मान डोलावली. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्याचं समुपदेशनही चालू ठेवलं.

तेव्हा तुमच्या घरात कुणी 'हिशोबाने खेळतो' म्हणत असेल, तर जिंकलं-हरलं नंतर विचारा. पैसे कुठून आले ते आधी विचारा. रक्कम बाजूला काढलेली आहे आणि तुम्हाला दाखवता येते, तिथे बोलायला जागा आहे. प्रश्न टाळला जात असेल, किंवा सोनं, पीएफ, मित्राची उसनवारी यातलं काही निघालं, तर वाट बघू नका. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

या दोघांचं म्हणाल, तर पगार आता बायकोच्या खात्यात जातो. ते तिने मागितलं नव्हतं, त्यानेच सुचवलं. शीट अजून आहे, त्यात तारणाची परतफेड लिहितात. परवाच्या भेटीत त्याने विचारलं, "गणपतीत मंडळाच्या मांडवात रात्री पत्ते बसतात. पैसे न लावता बसलो तर चालेल?" या वर्षी नको, मी म्हटलं. तो जरा हिरमुसला. बायको म्हणाली, "मंडळाचा जमाखर्च लिहायला माणूस हवाय, मी विचारू का?" तो चटकन म्हणाला, "नको. पैसे माझ्या हातात नकोत अजून."